कोपऱ्यातला डाग

"मागच्या जिन्याची किल्ली कोणाकडे असते?"

सोनवणे मॅडमनी आल्या आल्या हेच विचारलं. नमस्कार नाही, कोण कुठल्या ते नाही. गळ्यात नगरपरिषदेचं ओळखपत्र, बगलेत फाइल. मी सीताई निवासाच्या पहिल्या पायरीवर बसून तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेतलं माझंच भाषण मला परत ऐकवत होते. माझा दुसरा नंबर आला होता. पहिला का आला नाही हा परीक्षकांचा प्रश्न होता, असं माझं तेव्हाचं मत.

आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "किल्ली नानांकडे असते," ती म्हणाली. "मालकांकडे. समोरच राहतात."

"आणि वर काही झालं तर मुलींनी उतरायचं कुठून?"

मॅडम उत्तरासाठी थांबल्या नाहीत. त्या थेट गच्चीवर गेल्या, पत्र्याच्या खोलीसमोर उभ्या राहिल्या आणि दारावरची पाटी वाचली. पाटीवर 'अडगळ' असं लिहिलेलं होतं. अक्षर माझं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. त्यांनी दार ढकललं. आत नऊ कॉट, नऊ उशा, दोरीवर वाळत घातलेले नर्सिंगचे पांढरे कोट, आणि एका कॉटवर केसांना तेल लावत बसलेली प्राजक्ता.

"अडगळ बरीच शिकलेली दिसते," मॅडम म्हणाल्या आणि फाइल उघडली.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. मी तेव्हा नववीत होते. आमच्या गावात नर्सिंगचं कॉलेज आहे, फार्मसीचं आहे, आणि बाहेरगावच्या मुली खूप. म्हणून घरोघरी कॉट भाड्याने देतात. मग नगरपरिषदेने नियम काढला: सहापेक्षा जास्त भाडेकरू एका घरात राहत असतील तर परवाना घ्यायचा. किती जणी, किती संडास, बाहेर पडायचे रस्ते किती, सगळं लिहून द्यायचं. भास्करनानांनी चौदा जणींचा परवाना काढला, काचेच्या चौकटीत घालून दाराशी लावला, आणि आत तेवीस जणी ठेवल्या. इमारत त्यांची. ती सांभाळायची, झाडायची, तेवीस जणींना दोन वेळा जेवू घालायचं, हे काम आईचं. त्याबदल्यात खालची एक खोली आम्हाला राहायला. बाबा टँकरवर ड्रायव्हर, महिन्यातून दोनदा घरी. म्हणजे सीताई निवास गेलं की आमचं घरही गेलं, इतकं ते साधं होतं.

तपासणी पूर्वी यायची ती सांगून. आदल्या दिवशी नानांना फोन यायचा. मग गच्चीवरच्या कॉट घडी करून शेजारच्या गच्चीवर, पाटी दारावर, आणि नऊ मुली पोह्यांचा डबा घेऊन देवीच्या बागेत. आम्ही त्याला 'नगरपरिषदेचा दिवस' म्हणायचो. मला तो दिवाळीइतका आवडायचा. नाक्यावर उभं राहून गाडी दिसली की शिट्टी वाजवायचं काम माझं असायचं.

या वेळी फोन आलाच नाही. मॅडम सरळ आल्या, सरळ जिन्याचं विचारलं, सरळ गच्चीवर गेल्या.

"कोणीतरी आतल्यानेच सांगितलंय," संध्याकाळी नाना म्हणाले. ते आमच्या खोलीत खुर्चीवर बसले होते आणि आम्ही दोघी उभ्या. त्यांनी खिशातून एक कागद काढला. नगरपरिषदेतल्या ओळखीच्या माणसाकडून मिळवलेली झेरॉक्स. "वाचा. हर्षू, तू वाच. तुझं वाचन चांगलं आहे."

मी ठसक्यात वाचलं. टाइप केलेला अर्ज होता. "सदर इमारतीच्या मागील जिन्याच्या जाळीच्या दारास बाहेरून कुलूप असते व किल्ली मालकाकडे असते. गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत नऊ कॉट आहेत. तेथून खाली येण्यास पंचेचाळीस पायऱ्या आहेत. मागील महिन्यात मीटरच्या पेटीतून धूर आला असता मुली जाळीपाशी अडकल्या. तरी आपण स्वतः येऊन पाहावे, आधी कळवू नये. आपली विश्वासू, एक रहिवासी."

"एक रहिवासी," नाना म्हणाले. "तेवीस जणी आहेत. त्यातली एक. निर्मलाबाई, तुम्हाला कोणाचा संशय?"

"मला कोणाचाच नाही," आई म्हणाली आणि गॅस बारीक करायला वळली.

"शनिवारी सुनावणी आहे. त्याआधी मला नाव पाहिजे. घर चालवता तुम्ही, मग आतलं बाहेर जातं कसं? नाव कळलं नाही तर मला दुसरी बाई बघावी लागेल. मी काही वाईट माणूस नाही, पण तुम्हीच सांगा."

आईची पाठ आमच्याकडे होती. ती डाळ हलवत राहिली. मला वाटलं, ती रडतेय. आणि मग माझ्यातली तालुकास्तरीय वक्त्री जागी झाली.

"नाना, मी शोधून देते," मी म्हणाले.

"हर्षाली," आई वळली. "तू अभ्यास कर."

"करू द्या की," नाना हसले. "आमची छोटी वकीलबाई. ठेव गं तो कागद तुझ्याकडे."

त्या चार दिवसांत मी जेवढा अभ्यास केला तेवढा नववीत कधी केला नाही, फक्त तो शाळेचा नव्हता. मी वहीच्या शेवटच्या पानावर तेवीस नावं लिहिली आणि एकेक खोडत गेले. घर तर सगळंच बदललं होतं. जेवताना बडबड करणाऱ्या मुली एकमेकींच्या ताटांकडे बघत जेवायच्या. कोणी फोन घेऊन गच्चीवर गेली की दुसरी पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने मागे जायची. प्राजक्ताने आपल्या पेटीला दुसरं कुलूप लावलं. माझ्याशी मात्र सगळ्याजणी गोड बोलायला लागल्या, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

"तू जमनावर लक्ष ठेव," प्राजक्ता मला म्हणाली. ती फार्मसीला होती आणि तिला सगळ्यांचं सगळं माहीत असायचं. "मुकी आहे ती. मुकी माणसं लिहितात."

जमना वसावे. अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातली, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली. ती फार बोलायची नाही, पण मला गणिताच्या पेपरच्या आधी ताप आला होता तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या तिनेच ठेवल्या होत्या. तिची शेवटची परीक्षा दहा दिवसांवर आली होती.

मी लक्ष ठेवलं. आणि एकदा लक्ष ठेवायचं ठरवलं की किती दिसतं. सकाळी जमनाताई जिन्याच्या वर उभी, ओठ हलताहेत: एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. मी भिंतीआड. अर्जातल्या पंचेचाळीस पायऱ्या माझ्या कानात वाजल्या. मंगळवारी ती पोस्टात जाताना दिसली. बुधवारी मागच्या जिन्याच्या जाळीचं कुलूप हातात धरून बघत होती. मी विचारलं, "काय बघतेस गं?" तर म्हणाली, "काही नाही. गंजलंय."

आणि सगळ्यात मोठा पुरावा कागदावर होता. अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात, सगळ्यात वर, एक काळपट डाग. शाईचा नाही. बोट टेकवल्यासारखा लांबुडका. झेरॉक्समध्ये राखाडी आलेला, मध्ये जरा जास्त गडद. बोटाला डाग कोणाच्या असतात? ज्या दिवसभर जखमा पुसायच्या शिकतात त्यांच्या. जमनाताईची उजव्या हाताची बोटं कायम त्या तपकिरी औषधाने रंगलेली असायची. मी वहीत लिहिलं, 'डाग = औषध', त्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि स्वतःवर इतकी खूश झाले की आरशात बघून आले.

आईला सांगायला गेले तर ती माझ्या सहलीच्या फॉर्मवर सही करत होती. सही झाली, मग देवाच्या कोनाड्यापाशी गेली. घरातून कुठलाही महत्त्वाचा कागद बाहेर जायचा तो असाच जायचा. नुसता कागदच कशाला, नवा सिलिंडर, बाबांचा टँकर, माझी सायकल, मुलींचे परीक्षेचे फॉर्म, हॉल तिकिटं, सगळं आईच्या बोटाखालून जायचं. आमच्या वर्गशिक्षिका म्हणायच्या, हर्षालीचा फॉर्म नाव न वाचता ओळखता येतो.

"आई, मला कळलंय," मी म्हणाले.

"काय?"

"कोणी लिहिलं ते. जमनाताईने."

आईने हातातला फॉर्म खाली ठेवला. "कोणाला बोललीस?"

"अजून नाही."

"बोलू नकोस. मी सांगते तुला. शनिवार होऊ दे."

"पण नाना शनिवारच्या आधी म्हणालेत. आपल्याला काढतील ते."

"हर्षू, तू गप्प बस. एवढं ऐक."

ती घाबरली होती हे मला दिसलं. नानांना घाबरलीय असं मी समजले. आपल्या आईला कोणी घाबरवावं हे मला सहन होईना.

गुरुवारी दुपारी आई आठवडी बाजारात भाजी आणायला गेली. तेवीस जणींची भाजी म्हणजे दोन तास. नाना अंगणात आले होते. मी त्यांना म्हणाले, "मुलींना बोलवा." आणि पायरीवर उभी राहिले, वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले होते तशी, उजवा पाय जरा पुढे.

मी चांगली बोलले. वाईट वाटतं ते त्याचंच. पायऱ्या, पोस्ट, कुलूप, डाग, सगळं ओळीने मांडलं. शेवटी झेरॉक्स उंच धरली आणि म्हणाले, "जमनाताई, तुझा हात दाखव."

ती मागे उभी होती. हळूच पुढे आली. हात दाखवला नाही. माझ्या हातातून कागद घेतला आणि वाचायला लागली. मग तिची नजर वर कोपऱ्याकडे गेली आणि तिथेच थांबली. बराच वेळ. मला वाटलं, पकडली गेली. तिने मान वर करून एकदा स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"का गं?" नाना म्हणाले. "काय कमी केलं होतं तुला?"

"काही नाही."

"मग आजच्या आज रिकामी कर कॉट."

"परीक्षा झाल्यावर गेले तर चालेल?"

"अर्ज करताना नाही आठवली परीक्षा?"

प्राजक्ता खाली बघत होती. बाकीच्या मुलींचे खांदे मात्र सैल पडले, चार दिवसांनी पहिल्यांदा. जमनाताईने पत्र्याची पेटी एकटीने पंचेचाळीस पायऱ्या खाली आणली. फाटकाशी थांबून मला म्हणाली, "काकूंना सांग, मी रागावले नाही. विसरू नकोस. नक्की सांग."

मला ते फार विचित्र वाटलं. रागवायचं आम्ही, की तिने?

आई आली तेव्हा मी धावत जाऊन सगळं सांगितलं. भाजीच्या दोन्ही पिशव्या तिच्या हातात तशाच होत्या. मी जमनाताईचा निरोप सांगितला तेव्हा तिने पिशव्या अंगणातच ठेवल्या आणि आल्या पावली बाहेर गेली. चप्पलही बदलली नाही. वांगी अंगणभर घरंगळली, ती मी गोळा केली आणि चिडून चिडून केली. एवढं घर वाचवलं, आणि कोणी शाबासकी देईल तर शपथ.

दिवेलागणीला परत आली.

"भेटली?"

"भेटली."

"काय म्हणाली?"

"पेपर झाल्यावर बोलू म्हणाली."

आई जेवली नाही. शुक्रवारीही नीट जेवली नाही, पण सकाळ-संध्याकाळ एक डबा भरून कुठेतरी जाऊन आली. मला वाटलं, नानांकडे नेत असेल. मी विचारलं नाही. खरं म्हणजे मला तिचाही थोडा संशय यायला लागला होता, की ही त्या मुलीच्या बाजूची आहे.

शनिवारी सकाळी तिने लग्नातली जांभळी साडी नेसली. "तू पण चल," म्हणाली.

"शाळा?"

"आज नको जाऊस."

नगरपरिषदेत वरच्या मजल्यावर सोनवणे मॅडमचं टेबल. नाना आधीच बसले होते, पांढरे कपडे, चहाचा रिकामा कप समोर. आम्ही भिंतीजवळच्या बाकावर बसलो.

"अर्ज निनावी आहे," मॅडम म्हणाल्या. "तपासणीत जे दिसलं ते दिसलं. जास्तीच्या कॉट काढायची नोटीस तुम्हाला मिळेलच. पण जिन्याचं कुलूप, धूर, मुली अडकल्या, हे घडलं होतं असं कोणी समोर येऊन सांगितलं तरच परवान्यावर कारवाई. नाहीतर मी कुलूप काढायला सांगणार, तुम्ही काढणार, आणि मी गेले की परत लावणार. मला माहीत नाही का?"

"मॅडम, अर्ज करणारी मुलगी निघून गेली," नाना म्हणाले. "डोकं फिरलं होतं तिचं. धूर कसला, शेवया भाजताना याहून जास्त होतो."

हेच ते त्या सकाळीही म्हणाले होते. पहाटे साडेपाचला, पाणी यायच्या वेळी मीटरची पेटी चटचटली आणि पुढचा जिना धुराने भरला. मुली मागच्या जिन्याकडे धावल्या. आई खाली, जाळीच्या बाहेर, दोन्ही हातांनी कुलूप हलवत होती. आतून सगळ्यांत पुढे जमनाताई जाळीला चेपलेली. मी किल्ली आणायला समोर पळाले. नाना बनियनवर, तोंडात ब्रश घेऊन येईपर्यंत फ्यूज उडून धूर विरलाही होता. शेवयांचं ऐकून आम्ही सगळ्या हसलो होतो. मीसुद्धा. आई हसली होती की नाही, ते आठवायचा मी बाकावर बसून पहिल्यांदा प्रयत्न केला.

"कोणत्या मुलीने, हे तुम्हाला कसं कळलं?" मॅडमनी विचारलं.

"ही आमची वकीलबाई," नानांनी माझ्याकडे बोट केलं. "हिने शोधलं. सांग गं मॅडमना, डागाचं सांग."

"कसला डाग?"

मी उठले. पाय आपोआप पुढे गेला. मॅडमनी फाइल उलटी करून मूळ अर्ज माझ्यापुढे सरकवला. मी कोपऱ्यावर बोट ठेवलं.

डाग पिवळा होता. आणि मधोमध, जिथे झेरॉक्समध्ये जरा गडद होतं, तिथे लाल.

मी ते बोट तिथून उचललंच नाही. पंचेचाळीस पायऱ्या रोज सकाळी कोण पुसतं? आधी कळवू नये, हे कोणाला सुचणार, ज्याने फोन आल्यावर घाईघाईने पोहे केलेत त्यालाच. नाव लिहायची हिंमत झाली नव्हती, पण कागद घराबाहेर निघताना हात सवयीने कोनाड्यातल्या हळदीकुंकवाकडे गेला होता. आणि जमनाताईने तो नुसत्या राखाडीत ओळखला होता.

"बोल ना," नाना म्हणाले.

मी आईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांनी तिकडे बघितलं असतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "जमनाताईने लिहिलेला नाही हा."

"मग कोणी?"

उत्तर येत असून हात वर केला नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. पंखा फिरत होता. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, मग त्यांनी माझ्या पलीकडे बघितलं. मागे बाक करकरला.

"मी," आई म्हणाली. "निर्मला बागूल. नाव लिहून घ्या मॅडम. धूर झाला तेव्हा मी जाळीच्या बाहेर होते."

नानांनी चहाचा रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "तुम्हाला घर दिलं होतं, निर्मलाबाई."

"दिलं होतं, नाना. पण आत तेवीस पोरी होत्या."

घरी येताना आम्ही रिक्षा केली नाही. सिव्हिल हॉस्पिटलपाशी आई वळली. प्रसूती वॉर्डाबाहेर बाळंतिणींचे नातेवाईक सतरंज्या टाकून बसतात, तिथे कोपऱ्यात पत्र्याची पेटी आणि पेटीवर वही. जमनाताई दोन दिवस तिथे राहत होती. डबे कुठे जात होते ते मला तेव्हा कळलं.

मी समोर उभी राहिले. भाषण येईना.

"तुला कळलं होतं," एवढंच म्हणाले.

"माझ्या परीक्षेच्या फॉर्मवर पण तोच डाग होता. कॉलेजच्या क्लार्कने झापलं होतं मला, फॉर्म मळवला म्हणून."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तू नानांच्या समोर कागद धरून उभी. काकू बाजारात. मी काय बोलणार होते?"

"आणि पायऱ्या का मोजत होतीस?"

"पायऱ्या नाही गं. नाडी. जिना चढल्यावर किती होते ते बघत होते." तिने माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. "तुझी एकशे अठरा आहे. बस खाली. पाणी पी."

आई तिच्याजवळ सतरंजीवर बसली. आईने तिच्या वहीवरची धूळ पदराने पुसली.

सीताई निवासाचा परवाना गेला. आमची खोलीही गेली, चार दिवसांत. बाबांनी टँकरच्या मालकाच्या गोदामामागे एक पत्र्याचं घर मिळवलं, जमनाताईने तिथून पेपर दिले आणि पास झाली. माझं बोलणं मधली कितीतरी वर्षं बंद झालं असं लिहिलं तर शोभलं असतं, पण तसं काही झालं नाही. मी आहे तशीच आहे, भरपूर बोलते. फक्त पुरावा सापडला की आरशाकडे जात नाही.

यंदा मी बारावीत आहे. गेल्या महिन्यात आम्ही भाड्याने घेतलेल्या बैठ्या घरात सात मुलींची सोय केली. दारं दोन, दोन्ही आतून उघडणारी. परवान्याचा अर्ज घेऊन मी एकटीच नगरपरिषदेत गेले. खाली आईचं पूर्ण नाव, तिच्या अक्षरात.

खिडकीतल्या कारकुनाने कागद उजेडाकडे धरला. "कोपऱ्यात मळलाय हा. याची झेरॉक्स द्या, ती लावतो फाइलला."

"झेरॉक्स नको," मी म्हणाले. "मूळच लावा."